जाहीरनामा पक्षाचा, चर्चा उमेदवाराची

एका उमेदवाराचे वर्तन किंवा वक्तव्य संपूर्ण पक्षाचा प्रचार कसा गिळून टाकते, याची उदाहरणे आपल्या निवडणूक इतिहासात कमी नाहीत. प्रत्येक वेळी पक्ष त्याला ‘अपघात’ म्हणतात. प्रत्यक्षात तो उमेदवार निवडीच्या पद्धतीचा परिणाम असतो.

निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून काम केलेल्या कोणत्याही सनदी अधिकाऱ्याला दुपारचे तीन ही वेळ विसरता येत नाही. उमेदवारी अर्ज तीनपर्यंत, पक्षाच्या पदाधिकाऱ्याने शाईने सही केलेले एबी फॉर्म तीनपर्यंत आणि अर्ज मागे घेण्याची मुदतही ठरलेल्या दिवशी तीनपर्यंत. त्या शेवटच्या दिवशी कार्यालयाच्या दारात कोण धावत येईल याचा नेम नसे. घड्याळात तीन वाजले की दार बंद आणि यादी अंतिम. त्यानंतर पक्षाने उमेदवाराला निलंबित केले, पक्षातून काढून टाकले किंवा त्याचे नावही उच्चारायचे नाही असे ठरवले, तरी मतदान यंत्रावर त्याच्या नावासमोरचे चिन्ह हलत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील ही तरतूद रूक्ष वाटते. मात्र एका व्यक्तीच्या चारित्र्याशी पक्षाच्या साऱ्या प्रचाराची गाठ तेथेच पक्की बांधली जाते.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत कर्नाटकातील हासन मतदारसंघात हा क्षण ८ एप्रिल रोजी आला. तेथील विद्यमान खासदार प्रज्वल रेवण्णा हे जनता दल (धर्मनिरपेक्ष) पक्षाचे आणि म्हणून राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे उमेदवार होते. माजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा यांचे ते नातू. २०१९मध्ये आजोबांनी हासन नातवासाठी सोडले, स्वतः तुमकुरूतून उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या वर्षी राज्यात पक्षाची जी एकमेव जागा आली, ती हासनची. २०२४मध्ये तेथे २६ एप्रिलला मतदान होते. त्याच्या काही दिवस आधी लैंगिक अत्याचाराची चित्रफीत असलेले पेन ड्राइव्ह मतदारसंघात बसथांब्यांपासून घरांच्या उंबऱ्यांपर्यंत पोहोचू लागले. मतदान झाले आणि दुसऱ्याच दिवशी उमेदवार राजनैतिक पारपत्रावर जर्मनीला निघून गेले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, ३० एप्रिलला पक्षाने त्यांना निलंबित केले, ३१ मे रोजी परतताच बंगळूरु विमानतळावर त्यांना अटक झाली. हासनची जागा काँग्रेसच्या श्रेयस पटेल यांनी ४२,६४९ मतांनी जिंकली. ऑगस्ट २०२५मध्ये विशेष न्यायालयाने घरकाम करणाऱ्या एका महिलेवरील बलात्काराच्या प्रकरणात रेवण्णा यांना जन्मठेप सुनावली.

हा घटनाक्रम सर्वपरिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्या वेळी आघाडीचा प्रचार काय सांगत होता, हे. पश्चिम बंगालमधील संदेशखाली येथील महिलांवरील अत्याचार हा भारतीय जनता पक्षाच्या देशव्यापी प्रचाराचा एक आधारस्तंभ होता. तेथील आंदोलनातील एका महिलेला पक्षाने बशीरहाटमधून उमेदवारीही दिली होती. कर्नाटकात एप्रिलमध्येच हुबळीच्या महाविद्यालयाच्या आवारात एका विद्यार्थिनीची हत्या झाली होती आणि राज्यातील काँग्रेस सरकारच्या कायदा-सुव्यवस्थेवर त्यावरून टीकेची झोड उठली होती. अर्थात, ‘नारीशक्ती’ आणि महिलांची सुरक्षा हाच मुद्दा उत्तर कर्नाटकातील ७ मेच्या मतदानासाठी तापवला जात होता. नेमक्या त्याच वेळी आघाडीच्याच उमेदवाराचे नाव देशभर गाजू लागले. मग सभेत महिलांच्या सुरक्षेविषयी बोलावे, तर पत्रकार हासनविषयी विचारणार. बोलू नये, तर मौनाचा अर्थ लावला जाणार. केंद्रीय गृहमंत्र्यांना, आपला पक्ष मातृशक्तीच्या बाजूने आहे आणि राज्य सरकारने वेळेवर कारवाई का केली नाही, असे सांगावे लागले. तो प्रश्न गैरलागू नव्हता. परंतु जो पक्ष प्रश्न विचारत होता, तो एकाएकी खुलासा करणारा पक्ष झाला. प्रचारात ही भूमिकांची अदलाबदल सर्वांत महाग पडते.

येथे अभ्यासकाने सावध राहायला हवे. कर्नाटकात भाजप २०१९च्या २५ जागांवरून १७वर आला आणि ७ मे रोजी मतदान झालेल्या कल्याण कर्नाटकातील पाचही जागा त्याने गमावल्या, हे खरे. मात्र त्याचे श्रेय किंवा खापर एकट्या हासनवर फोडणे इतिहासाच्या शिस्तीत बसणार नाही. राज्य सरकारच्या हमी योजना, जातींची गणिते, मल्लिकार्जुन खर्गे यांच्या रूपाने त्या भागाला मिळालेले काँग्रेसचे अध्यक्षपद अशी अनेक कारणे तेथे होती. शिवाय जनता दलाने मंड्या आणि कोलार या दोन जागा जिंकल्याच. पण तेथेही हासनबरोबरच, म्हणजे प्रकरण पूर्णपणे उघडकीस येण्यापूर्वी मतदान झाले होते. वाद किती मते खातो, हे मोजणे अवघड असते. तो प्रचाराचे किती दिवस खातो, हे मात्र वर्तमानपत्रांच्या पानांवरून कोणालाही मोजता येते.

आणि हा ‘अपघात’ होता काय? जून २०२३मध्येच या खासदारांनी आपल्याविषयीच्या बदनामीकारक मजकुराच्या व चित्रफितींच्या प्रसिद्धीविरुद्ध माध्यमांवर बंगळूरुच्या न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळवला होता. सप्टेंबर २०२३मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने मालमत्तेची माहिती दडवल्याच्या कारणावरून त्यांची २०१९ची निवड रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ते खासदारपदी राहिले. त्याच महिन्यात त्यांचा पक्ष राष्ट्रीय लोकशाही आघाडीत दाखल झाला. पुढे डिसेंबरमध्ये होळेनरसीपुरातील भाजपच्याच एका स्थानिक नेत्याने या चित्रफितींविषयी प्रदेश नेतृत्वाला सावध करणारे पत्र लिहिल्याचे नंतर प्रसिद्ध झाले. म्हणजे धोक्याची घंटा एकदा नव्हे, तीनदा वाजली होती. पण आघाडीचे जागावाटप ठरलेले, जागा घराण्याची, घराणे समाजाच्या मतांचे. अशा ठिकाणी ‘हा उमेदवार नको’ असे सांगायचे कोणी? कार्यकर्ता सांगतो, तेव्हा ती गटबाजी ठरते. विरोधक सांगतो, तेव्हा तो कट ठरतो.

हासनपेक्षा वेगळा धडा भोपाळचा आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी भाजपने तेथे प्रज्ञासिंह ठाकूर यांची उमेदवारी जाहीर केली. मालेगाव येथे २००८मध्ये झालेल्या बॉम्बस्फोटाच्या खटल्यात त्या तेव्हा आरोपी होत्या. (जुलै २०२५मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांच्यासह सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली.) उमेदवारीनंतर दोन दिवसही उलटले नाहीत तोच, २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात हुतात्मा झालेले अशोकचक्रविजेते पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्याविषयी त्यांनी केलेले वक्तव्य देशभर, आणि महाराष्ट्रात विशेषच, संतापाचे कारण ठरले. ते त्यांना मागे घ्यावे लागले. राष्ट्रीय सुरक्षा हा त्या निवडणुकीत पक्षाच्या प्रचाराचा गाभा होता; आणि दहशतवाद्यांशी लढताना प्राण दिलेल्या अधिकाऱ्यावरील शेरेबाजीचे स्पष्टीकरण त्याच पक्षाला द्यावे लागत होते. पुढे १६ मे रोजी, भोपाळचे मतदान उरकल्यावर पण अखेरच्या टप्प्याच्या तीन दिवस आधी, त्यांनी नथुराम गोडसेला देशभक्त म्हटले. देश तेव्हा गांधीजींचे एकशे पन्नासावे जयंती वर्ष साजरे करत होता. आपण त्यांना मनापासून कधीही क्षमा करू शकणार नाही, असे पंतप्रधानांना जाहीरपणे सांगावे लागले.

निकाल काय लागला? प्रज्ञासिंह ठाकूर यांनी दिग्विजय सिंह यांचा साडेतीन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला आणि पक्षाने ३०३ जागा जिंकल्या. मग वादाने संदेश झाकोळतो, या म्हणण्याला अर्थ काय उरला? उत्तर असे की मतदार दोन्ही गोष्टी एकाच वेळी तोलतो. लाट असेल, नेतृत्वावर विश्वास असेल, तर तो उमेदवाराकडे काणाडोळा करतो. मात्र पक्षाने चुकवायची किंमत टळत नाही, लांबणीवर पडते. नोव्हेंबर २०१९मध्ये त्याच विषयावर लोकसभेत पुन्हा वादंग झाला, त्यांना संरक्षणविषयक सल्लागार समितीतून हटवावे लागले आणि २०२४मध्ये पक्षाने भोपाळची उमेदवारी दुसऱ्याला दिली. लाखोंच्या मताधिक्याने जिंकलेल्या खासदाराला उमेदवारी नाकारणे, हा पक्षाने पाच वर्षांनी भरलेला दंडच होता.

फैजाबादचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे आहे. तेथे आरोप नव्हता, गुन्हा नव्हता. होते केवळ एक वाक्य. २०२४मध्ये भाजपने ‘चारशे पार’ ही घोषणा दिली होती. घोषणा म्हणून ती ठसठशीत होती. पण ‘चारशे कशासाठी?’ या स्वाभाविक प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते. ती रिकामी जागा पक्षाच्याच लोकांनी भरली. मार्चमध्ये कर्नाटकातील तत्कालीन खासदार अनंतकुमार हेगडे यांनी या बहुमताचा संबंध राज्यघटना बदलण्याशी जोडला. पक्षाने ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचे सांगितले आणि नंतर त्यांना उमेदवारी दिली नाही. त्यानंतरही एप्रिलमध्ये फैजाबादचे उमेदवार लल्लू सिंह यांनी तशाच आशयाचे विधान केले. सरकार साध्या बहुमतावर बनते, पण घटनेत बदल करायचा तर दोन तृतीयांश हवेत, असा त्याचा मथितार्थ. आपली जीभ घसरली, असे त्यांनी मागाहून सांगितले. तोवर ते वाक्य मोबाइलमधून गावोगाव पोहोचले होते.

घटनेच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे की अनुच्छेद ३६८नुसार दोन तृतीयांश बहुमताने दुरुस्ती करता येते, नवी घटना लिहिता येत नाही. केशवानंद भारती खटल्याच्या १९७३च्या निकालाने मूलभूत चौकटीला हात लावण्यास मज्जाव केला आहे. परंतु हा खुलासा करायला एक परिच्छेद लागतो आणि ‘घटना बदलणार, आरक्षण जाणार’ ही भीती चार शब्दांत पोहोचते. स्वतः बाबासाहेब आले तरी घटना संपवू शकणार नाहीत, असे खुद्द पंतप्रधानांना राजस्थानातील सभेत सांगावे लागले. ज्या अयोध्येत जानेवारीत राममंदिराचा प्राणप्रतिष्ठा सोहळा झाला, ती ज्या मतदारसंघात येते त्या फैजाबादमध्ये समाजवादी पक्षाने सर्वसाधारण जागेवर अवधेश प्रसाद या दलित नेत्याला उभे केले आणि ते ५४,५६७ मतांनी निवडून आले. उत्तर प्रदेशात भाजप ६२ जागांवरून ३३वर आला. महाराष्ट्रात महायुतीला ४८पैकी १७ जागा मिळाल्या आणि तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी ‘चारशे पार’मुळे लोकांच्या मनात घटनाबदलाची शंका निर्माण झाली, अशी कबुली दिली. येथे उमेदवाराच्या वादाने पक्षाचा संदेश झाकला गेला, एवढेच घडले नाही. उमेदवाराचे वाक्य हाच पक्षाचा संदेश मानला गेला.

काँग्रेसनेही हाच अनुभव घेतला आहे, जरी तेथे अडचण अनेकदा उमेदवारांपेक्षा बोलघेवड्या ज्येष्ठांनी आणली. २०१७च्या गुजरात निवडणुकीत मणिशंकर अय्यर यांच्या एका शब्दाने पक्षाची मोहीम बचावात गेली. २०२४मध्ये सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतील वारसा कराचा दाखला दिला आणि नुकत्याच प्रसिद्ध केलेल्या ‘न्यायपत्रा’तील तरतुदी सांगण्याऐवजी, त्यात नसलेली तरतूद आपल्या मनातही नाही, हे सांगण्यात पक्षाचे मोलाचे दिवस गेले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी १९६२ची उत्तर मुंबई आठवते. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन काँग्रेसचे उमेदवार आणि त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी. तिसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती, गोवा मुक्त होऊन दोन-अडीच महिने झाले होते. काँग्रेसजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. पण उत्तर मुंबईत चर्चा एकच, ती म्हणजे मेनन. त्यांचा स्वभाव, कम्युनिस्टांकडील त्यांचा कल, सेनाधिकाऱ्यांशी त्यांचे बिनसलेले संबंध, चीनविषयीचे धोरण. नेहरूंनी ही लढत स्वतःच्या धोरणावरील कौल मानली आणि आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली. मेनन जवळपास दीड लाखाच्या मताधिक्याने जिंकले. आठच महिन्यांत चीनचे आक्रमण झाले आणि मेनन यांना पद सोडावे लागले. ज्या प्रश्नांची उत्तरे फेब्रुवारीत मताधिक्याने झाकली गेली होती, ती ऑक्टोबरमध्ये उघड्यावर आली. उमेदवारावरील टीकेला पक्षावरील हल्ला मानले की टीकेतील तथ्य तपासण्याचे दार बंद होते, हा त्या निवडणुकीचा खरा धडा. १९६७मध्ये काँग्रेसने मेनन यांना डावलून माजी आयसीएस अधिकारी स. गो. बर्वे यांना ईशान्य मुंबईतून उमेदवारी दिली. अपक्ष उभे राहिलेले मेनन पराभूत झाले.

या साऱ्यामागे रचनेचा एक दोष आहे. आपल्या पद्धतीत मत व्यक्तीला पडते, पण ते मागितले जाते पक्षाच्या नावाने. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती आणि तीवर चिन्ह असे. निरक्षर मतदार चिन्ह पाहून मत देई. २०१५पासून मतपत्रिकेवर आणि यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्रही आले. आता चिन्हाशेजारी चेहरा असतो आणि मतदाराच्या खिशातील मोबाइलमध्ये त्या चेहऱ्याचा सारा पूर्वेतिहास. जाहीरनामा साठ-सत्तर पानांचा असतो. वादाला मात्र नाव, चेहरा, गाव आणि तारीख असते. बातमी कशाची होणार, हे सांगायला नको.

सर्वोच्च न्यायालयाने हा दोष ओळखला होता. उमेदवारावरील गुन्हेगारी खटल्यांची माहिती मतदाराला मिळाली पाहिजे, हे २००२च्या निकालाने मान्य झाले आणि त्यातून आजची प्रतिज्ञापत्रे आली. फेब्रुवारी २०२०मध्ये न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. खटले प्रलंबित असलेल्या व्यक्तीला उमेदवारी का दिली आणि निष्कलंक व्यक्ती का मिळाली नाही, याची कारणे पक्षांनी जाहीर करावीत. केवळ ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही, असे बजावले. बिहार विधानसभा निवडणुकीत या आदेशाचे नीट पालन न केल्याबद्दल ऑगस्ट २०२१मध्ये अनेक पक्षांना दंडही झाला. तरीही पक्षांची ती विवरणपत्रे वाचली, तर लोकप्रियता आणि समाजकार्य यांची तीच ती साचेबंद वाक्ये आढळतात. नियमाचे अक्षर पाळले जाते, आशय नाही.

मग करावे काय? आरोप होताच उमेदवार बदलावा, हे उत्तर सोपे आहे आणि धोकादायकही. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनावट चित्रफीत तासाभरात तयार होण्याच्या काळात तो नियम प्रत्येक निरपराध उमेदवाराला प्रतिस्पर्ध्याच्या हाती देईल. म्हणून पक्षांनी भेद करायला शिकले पाहिजे. स्वतः उमेदवाराने जाहीरपणे काढलेले उद्गार सिद्ध करावे लागत नाहीत; तेथे पक्षाने तत्काळ आणि एकदाच भूमिका घ्यावी. न्यायालयाने आरोप निश्चित केलेले प्रकरण वेगळे आणि तोंडी कुजबुज वेगळी. मात्र आपल्याच कार्यकर्त्याची लेखी तक्रार आली, तर ती तपासणारी, जागावाटपापासून अलिप्त असलेली एखादी समिती प्रत्येक पक्षात असायला काय हरकत आहे? तिचा निर्णय अर्ज भरण्याच्या किमान महिनाभर आधी व्हावा आणि कारणांसह नोंदवला जावा. आज बहुतेक पक्षांच्या याद्या शेवटच्या आठवड्यात, काही वेळा शेवटच्या रात्री येतात. त्या घाईत चौकशी होते ती फक्त जातीची, पैशाची आणि घराण्याची.

शेवटी, हासनविषयी एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या वेळच्या गदारोळात सर्वांत कमी सांगितली गेली. त्या पेन ड्राइव्हमध्ये अनेक महिलांचे चेहरे झाकलेले नव्हते. त्या चित्रफिती पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे, असे तपास पथकाला बजावावे लागले. गावात ओळख पटल्याने काहींना घर सोडावे लागले. एका बाजूला आघाडीचा संदेश झाकोळला म्हणून हळहळ, दुसऱ्या बाजूला विरोधकांना मुद्दा मिळाला म्हणून उत्साह. या दोहोंत ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या स्त्रिया प्रचारसाहित्य बनल्या. पुढे त्यांच्यापैकी एकीने न्यायालयात उभे राहून साक्ष दिली, म्हणून शिक्षा झाली. डिसेंबरमधले ते पत्र कोणी गांभीर्याने वाचले असते, तर एका पक्षाची जागा वाचली असती की नाही, हे सांगता येत नाही. पण ८ एप्रिलच्या आधी कोणीतरी त्या स्त्रियांची विचारपूस केली असती आणि त्यांचे चेहरे कदाचित बसथांब्यावर पोहोचले नसते.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आणि इतिहासाचे अभ्यासक आहेत.)